आईसाठी मेल आयडी काढायचाय, कुठला घ्यावा आणि कसा?

वाईची लेक
नमस्कार मंडळी. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. येत्या ३१ मेला निवृत्त होतेय. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांसारखी तिचीही दाखल्यावरची जन्मतारीख १ जून.

तिचा सध्याचा जीमेल आयडी काही वर्षांपूर्वी एका मोबाईल दुकानदाराने नवा फोन देताना काढून दिला होता. नावापुढे जन्मसाल लावलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, फोनमध्ये लॉगिन आहे म्हणून चालतंय. आणि आयकर पोर्टल, बँक, म्युच्युअल फंडाची एसआयपी, सगळीकडे दिलाय हाच.

आता पेन्शन सुरू होईल, तेव्हा तिला तिचा स्वतःचा, नीट काढलेला आयडी हवा असं मला वाटतंय. जीमेलच घ्यावा, की झोहो, आउटलुक, प्रोटॉन? भाऊ म्हणतो प्रोटॉन सगळ्यात सुरक्षित. आईला फोनवर सगळं जमतं, कॉम्प्युटरची सवय शाळेच्या कामापुरती. मी पुण्यात, ती वाईला एकटी, त्यामुळे अडलं तर लगेच धावून जाता येत नाही.

मिरजकर
सरळ जीमेल घ्या. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरसाठी गूगलचं खातं लागतंच. जागा १५ जीबी. आउटलुकही तेवढीच देतं, पण फोनवाल्या माणसाला त्यात वेगळं काही मिळत नाही.

मी स्वतः झोहो वापरतो. चेन्नईची कंपनी, जाहिराती नाहीत, फुकटात ५ जीबी मिळते आणि कागदपत्रांना ती पुष्कळ होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे मेलही आता त्यांच्याच यंत्रणेवर गेलेत. पण काकूंना कधी अडचण आली तर शेजारच्या मुलाला जीमेल माहीत असेल, झोहो नसेल.

सेवाकेंद्र मसूर
ताई, माझं मसूरला आपले सरकार सेवा केंद्र आहे. रोज हेच काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपनी कुठली हे मी सगळ्यात शेवटी बघेन. आधी हे ठरवा, की उद्या आईंचा फोन हरवला तर त्या खात्यात परत कशा जाणार? जून-जुलैत माझ्याकडे सीईटीची (प्रवेश परीक्षेची), महाडीबीटीची (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलची) पोरं येतात. ओटीपी मेलवर गेलेला असतो, मेल कुणीतरी काढून दिलेला, आणि रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत उघडायला दिलेला नंबर त्या काढून देणाऱ्याचा. तो माणूस दुकान बंद करून गेलेला असतो. फॉर्मची मुदत रात्री बारापर्यंत, आणि पोरगी माझ्यासमोर रडतेय. मला हे बघवत नाही. रिकव्हरीचा नंबर ज्याच्या हातात, खातं त्याचं, मग त्यावर नाव कुणाचंही असो. म्हणून माझ्या केंद्रात मी कुणाचाही आयडी माझ्या नंबरवर काढत नाही. ज्याचा आयडी त्याचाच फोन, त्याचंच बोट. वेळ जास्त जातो, रांग कुरकुरते, पण मी तेच करते. तसंही एक नंबर फार वेळा वापरला की गूगल तो घ्यायचं बंद करतं.

दुसरं, आयडीत जन्मसाल अजिबात नको. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो माहितीय ना? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हणजे सुनीता नावापुढे १९६८ लावून कुणी आयडी काढला असेल तर आधारच्या फाईलची किल्ली पत्त्यातच लिहून ठेवलीय. ई-पॅनच्या फाईलला जन्मतारीख लागते. आयकराची कलम १४३(१)ची सूचना येते तिला पॅन लहान अक्षरांत आणि जोडून जन्मतारीख. साल कळलं की दिवस-महिना १ जून कुणीही आधी टाकून बघेल. मेलमध्ये घुसलेल्या माणसाला या सगळ्या फायली आयत्या मिळतात.

नाव, मधलं आद्याक्षर, आडनाव असा आयडी करा, आणि पासबुकावर जे स्पेलिंग आहे तेच ठेवा. कुणी घेतलेला असेल तर गावाचं नाव जोडा. जीमेलला मधला डॉट मोजतच नाहीत, डॉट घातला काय न घातला काय, पत्ता एकच. त्यामुळे डॉट सरकवून वेगळा आयडी मिळणार नाही. ठरला की फोनवर मैत्रिणीला सांगून लिहून घ्यायला लावा. एका दमात बरोबर लिहिला तर बँकेच्या काउंटरवरही बरोबर लिहिला जाईल.

आता खातं उघडल्यावर लगेच करायचं काम. रिकव्हरी फोन आईंचा स्वतःचा, आधारला जोडलेला तोच. रिकव्हरी ईमेल तुमचा. मग सिक्युरिटीत जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करा आणि तिथेच बॅकअप कोड काढा. आठ आकड्यांचे दहा कोड येतात, एक कोड एकदाच चालतो. हे कोड कागदावर घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवलेले कोड फोनबरोबरच जातात. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि पासबुकं ज्या फायलीत असतात त्या फायलीत तो कागद लावा. पासवर्डही वहीत लिहिला तरी माझी हरकत नाही. खात्यात घुसणारा माणूस दूर कुठेतरी बसलेला असतो, आईंचं कपाट तो उघडत नाही. फक्त तो पासवर्ड दुसऱ्या कुठल्याही साईटला वापरलेला नसावा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. जीमेलचे १५ जीबी एकट्या मेलचे नसतात, त्यात फोटो येतात, ड्राइव्ह येतं, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा. ते भरलं की नवे मेल यायचे बंद होतात. शाळेच्या ग्रुपवरच्या गॅदरिंगच्या व्हिडिओंनी आयकराची नोटीस अडवायला नको. म्हणून फोटो आणि व्हॉट्सअॅप जुन्या खात्यावरच राहू द्या. नव्या खात्यावर फक्त पैसा आणि सरकार.

भावाचं म्हणणं खोटं नाही. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं, साठवलेले मेल कंपनीलाही उघडून वाचता येत नाहीत. पण त्याचमुळे पासवर्ड विसरून रीसेट केला आणि रिकव्हरी फ्रेज (खातं परत उघडायचे ठरावीक शब्द) किंवा तसं काही आधी काढून ठेवलेलं नसेल, तर जुने मेल कायमचे बंद. आईंच्या कागदांना मी हा धोका घेणार नाही. तर माझं मत: जीमेल.

स्टुटगार्टहून
मसूरच्या ताईंनी नंबरचं सांगितलं त्यात भर. सासऱ्यांचा मोबाईल नंबर रिचार्जअभावी बंद पडला होता आणि इथून आम्हाला त्यांच्या मेलमध्ये जाता येईना, कारण कोड त्या नंबरवर. बंद झालेला नंबर भारतात किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो. आमचा नंबर त्याआधी परत सुरू झाला म्हणून निभावलं. आईंच्या नंबरचा रिचार्ज तुमच्या फोनवरून भरत जा. नुसत्या एसएमएसवर विसंबू नका, फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅपही जोडून घ्या.

वाईची लेक
खूप आभार सगळ्यांचे. मसूरच्या ताई, ई-आधारचं वाचून लगेच आईला फोन केला. तिच्या आयडीत अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे. शनिवारी वाईला जाऊन नवा जीमेल काढते. मग जुन्याचं काय करू? नवा झाला की डिलीट करावा का?

सेवाकेंद्र मसूर
डिलीट बिलकुल नको, निदान इतक्यात नको. आधी तो ताब्यात घ्या. आईंच्या फोनमध्ये लॉगिन आहे हे फार बरं आहे. सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात खातं, त्यात सिक्युरिटी. पासवर्ड विसरलो असं सांगितलं की बहुतेक वेळा फोनच्या स्क्रीन लॉकवरून ओळख पटवून नवा ठेवू देतं. मग रिकव्हरीला कुणाचा नंबर आहे तो बघा आणि बदला. बदलल्यावरही सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायची सोय देऊ शकतं, त्यामुळे आठवडाभर सिक्युरिटीच्या सूचना रोज बघायच्या. कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ती यादीही तिथेच असते, अनोळखी दिसेल ते साइन आउट.

मग नवा आयडी एकेका ठिकाणी द्यायचा. आधी आयकर पोर्टल, कारण यंदाचं रिटर्न जवळ आलंय. पाठोपाठ बँक. म्युच्युअल फंडाला नुसत्या अॅपमध्ये बदलून भागत नाही, केवायसीतला ईमेलही बदलावा लागतो. आधारला ईमेल जोडला असेल तर तिथेही बदलून घ्या. जुन्या आयडीवर कुठून कुठून मेल येतात ते वर्षभर बघत राहा. दर वर्षी एकदाच मेल पाठवणारी विमा कंपनी तेव्हाच सापडते. फोनवर तो आयडी चालू आहे तोवर काळजी नाही. दोन वर्षं कुणी हातच लावला नाही तर मात्र गूगल खातं काढून टाकू शकतं.

नव्या खात्यात इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, तीही बघा. ठरवलेले महिने खातं वापरात नसेल तर तुम्हाला कळवायचं आणि मेल तुमच्या हाती द्यायचे, असं आई स्वतः आज लिहून ठेवू शकतात. बोलायला जड वाटतं, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला मी हे आवर्जून करायला लावते.

आणि शनिवारी फोन आईंच्याच हातात द्या, तुम्ही शेजारी बसा. पेन्शनचा प्रस्ताव बहुतेक आधीच गेला असेल. त्यावर कुठला आयडी लिहिलाय ते सोमवारी पंचायत समितीत विचारून घ्या, जुना असेल तर लेखी अर्ज देऊन बदला आणि पोच घ्या.