लोखंडी पुलातले सुतारी सांधे

इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीवरच्या १७७९ सालच्या लोखंडी पुलात नटबोल्ट जवळपास का नाहीत, असा प्रश्न पडतो. तोवर एवढा मोठा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पूल कुणी बांधलाच नव्हता. म्हणून कारागिरांनी लाकूडकामातल्या खाचा आणि पाचरी थेट ओतकामात आणल्या. बीड दाब झेलतं, ताण नाही. त्यामुळे कमानच हवी. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) सुमारे ३० मीटर, बीड जवळपास ३७८ टन! आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीत ओतकाम करणाऱ्यांनी हा पूल ओतून उभारणाऱ्या तिसऱ्या अब्राहम डार्बीचं हे धाडस जरूर अभ्यासावं. पंचगंगेचा पूर बघणाऱ्यांसाठी आणखी एक: १७९५च्या महापुरात सेव्हर्नवरच्या बऱ्याच पुलांचं नुकसान झालं, हा मात्र टिकला. एकच मोठा गाळा आणि जाळीदार कमान, त्यामुळे पाण्याला वाट मिळाली.