मदत हवी आहे: फोन टॅपिंगचा कायदा, वकील मंडळी जरा सांगा नं

भाऊ लोकं, पोरीची कॉलेजात डिबेट आहे, देशाची सुरक्षा मोठी की प्रायव्हसी, अन् तिच्या वाट्याला प्रायव्हसी आली. सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा प्रायव्हसीवरचा पुट्टस्वामी निकाल वाचला तिनं, नऊ जजांनी एकमतानं मूलभूत हक्क मानला, ते ठीक. घोडं अडलंय पुढं. टॅपिंगची ऑर्डर गृहसचिव काढणार, ६० दिवसांची, वाढवत वाढवत १८० पर्यंत, अन् ती तपासणार कोण तर सचिवांचीच कमिटी! जज कुठंच नाही बाप्पा, त्या माणसाला कळवतही नाहीत, मग तो कोर्टात जाईल कसा? माझा साळा म्हणते अतिरेकी काय सांगून येतात का, आता तेही खरंच आहे. नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करणारं आहे का कोणी इथं? कोर्टानं टॅपिंग रद्द केल्याची एखादी केस सांगा, रविवारच्या आत.