मदत हवी आहे: प्रजाती जास्त, तरी जैवविविधता मोजणारा शॅनन निर्देशांक कमी कसा?

टाचण:
दोन गवताळ पट्ट्यांची जैवविविधता ताडून बघायची आहे. प्रत्येकात १ मी. × १ मी. च्या दहा चौकटी टाकून रोपं मोजली.
पट्टा अ: ८ प्रजाती, १०० रोपं. एकाच प्रजातीची ८६, बाकी सात प्रजातींची प्रत्येकी २.
पट्टा ब: ५ प्रजाती, प्रत्येकी २० रोपं.
स्प्रेडशीटमध्ये शॅनन निर्देशांक अ चा ०.२९ आणि ब चा ०.७० आला. पुस्तकांत तो साधारण १.५ ते ३.५ असतो असं वाचलंय. शिवाय आठ प्रजातींचा पट्टा पाचांच्या खाली कसा? सूत्र चुकलंय का?

दशांश:
सूत्र बरोबर, त्यातला लॉग (लॉगरिदम) चुकला. स्प्रेडशीटमधलं 'लॉग' हे फंक्शन पाया न दिल्यास १० धरतं. प्रकाशित आकडे बहुतेक नैसर्गिक लॉगने काढलेले असतात, त्यासाठी 'एलएन' वापरा. तुमचे आकडे २.३०२६ ने गुणले तरी चालेल: अ ०.६८, ब १.६१. एखादी प्रजाती शून्य असेल तर ती ओळ गाळा, नाहीतर शून्याच्या लॉगने सगळी बेरीज एररमध्ये जाते.

क्रम मात्र तोच राहील, आणि तो योग्यच आहे. शॅनन प्रजातींची संख्या आणि त्यांची वाटणी दोन्ही एकत्र मोजतो. अ मध्ये डोळे मिटून रोप उपटलं तर शंभरात ८६ वेळा तेच हाती येणार. नुसत्या निर्देशांकावरून हा फरक जाणवत नाही, म्हणून त्याचा घातांक काढा ('ई' म्हणजे सुमारे २.७१८, त्याचा ०.६८ वा घात). अ साठी जेमतेम २ येतील, ब साठी ५. याला प्रभावी प्रजातीसंख्या म्हणतात, म्हणजे सारख्या वाटणीच्या किती प्रजातींइतकी ही विविधता आहे. परिस्थितिकीशास्त्रज्ञ हिल यांनी १९७३ मध्ये ही पद्धत एकत्रित रूपात मांडली. अहवालात मी तरी हाच आकडा पुढे ठेवेन.

काटेसावर:
गणिताआधी मोजणी तपासा. चौकटी कशा टाकल्या?

टाचण:
पाठमोरं उभं राहून मागे फेकल्या.

काटेसावर:
तिथेच घोळ होतो. फेकणारा पायवाटेजवळ राहतो आणि काटेरी झुडपं टाळतो, त्यामुळे नमुना यादृच्छिक (निव्वळ योगायोगाने निवडलेला) राहत नाही. दोन मोजपट्ट्या काटकोनात अंथरा, यादृच्छिक अंकांच्या जोड्या काढा आणि त्या बिंदूवर चौकटीचा एक ठरावीक कोपरा ठेवा. कडेवरच्या रोपांचा नियम आधीच ठरवा: डावी आणि वरची कड धरायची, उजवी आणि खालची सोडायची. चारही कडा धरल्या की संख्या फुगते.

आणि ते ८६ वालं गवत जमिनीखालून खोडं पसरवणारं आहे का? तसं असेल तर 'एक रोप' म्हणजे काय हेच ठरत नाही. मग सगळ्याच प्रजातींचं आच्छादन (चौकटीतली किती जमीन झाकली) टक्क्यांत नोंदवा आणि त्या प्रमाणांवर निर्देशांक काढा. काहींची रोपं आणि काहींचे टक्के अशी सरमिसळ नको.

दहा चौकटी पुरल्या का, तेही बघा. चौकटींचा क्रम पिसून, दर चौकटीला एकूण प्रजाती किती झाल्या याचा आलेख काढा. शेवटच्या दोन-तीन चौकटींतही नवी प्रजाती सापडत असेल तर आणखी टाका. अ मधल्या सात प्रजातींची दोन-दोनच रोपं आहेत. एक चौकट हातभर सरकली असती तर एखादी यादीतून गळाली असती.

टाचण:
धन्यवाद, एलएनने आकडे जुळले. तीन प्रजाती दोन्हीकडे आहेत. एकच पट्टा राखता येणार असेल तर ब च ना?

दशांश:
इतक्यावरून नाही. एकूण प्रजाती ८ + ५ − ३ = १०. अ राखला तर दहापैकी ८ टिकतात, ब राखला तर ५. फक्त अ मध्ये असलेल्या पाच आणि फक्त ब मध्ये असलेल्या दोन, या सातांची नावं आधी पक्की करा. निर्देशांकाला प्रजाती कोणती याची पर्वा नसते. दुर्मीळ प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात सापडणारं) गवत आणि बाहेरून आलेलं तण, दोघांनाही तो एकाच मापाने मोजतो.

काटेसावर:
ते ८६ वालं गवत आक्रमक असेल तर अ चे हे आठ फार काळ आठ राहणार नाहीत. चौकटींच्या कोपऱ्यांना खुंट्या ठोकून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्याच जागी मोजा. हंगाम बदलला तर वर्षायू (एका वर्षातच आयुष्य संपणारी) रोपं गायब दिसतील आणि तुम्ही दोष त्या गवताला द्याल.