आशाताई बाळाचं वजन घेते, आईचं मन कुणी बघायचं? घरभेटींबद्दल मतं हवीत

मोगरा_नाशिक
थोडं लांब आहे पण वाचा, आणि विरोधात असाल तर नक्की लिहा.

ज्या घरात आईबापाचं बाळाशी नातं जुळायला अडचण येऊ शकते, म्हणजे आई अगदी कोवळ्या वयाची आहे, बाळ कमी दिवसांचं असल्याने आठवडेच्या आठवडे एसएनसीयूत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या विभागात, राहून आलंय, नवरा पितो, किंवा बाळंतपणानंतर आई स्वतःच खचलीय, अशा घरात पहिलं वर्षभर तरी कुणीतरी शिकवून तयार केलेलं माणूस ठरवून गेलं पाहिजे. वजन आणि लसीसाठी नव्हे. आईजवळ बसायला, तिचं ऐकायला, बाळाने आवाज काढला की आपण काय करायचं, ते तिच्यासोबत करून बघायला.

घरभेट ही काही परक्यांची कल्पना नाहीये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं की नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला. आज देशभर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळंतिणीकडे जातात, ते त्याच कामाचं फळ. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत आणखी पाच भेटी आल्या. म्हणजे दार उघडलेलंच आहे. पण आत गेल्यावर विचारतो काय? ताप, दूध ओढतं का, नाळ कोरडी आहे का, आईला अंगावरून किती जातंय. "तुला कसं वाटतंय गं" हे विचारायला त्या फॉर्मात जागाच नाही म्हटलं तरी चालेल.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. कारणांत गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. ह्या बायका बाळाला पाजतात, धुतात, सगळं करतात, पण बाळ टक लावून बघतं तेव्हा तिकडून काही येत नाही. मी समुपदेशनाचं काम करते, अशी आई बसलेली मला लांबूनही कळते. तिला बाळ नको असतं असं अजिबात नाही, तिच्यात उरलेलं काही नसतं.

सातारची_काकू
मोगरा, तळमळ समजली गं पण मला नाही पटत. आमच्यात बाळंतीण सव्वा महिना माहेरी असते, आई असते, मावशी असते, पायावर घेऊन न्हाऊ घालताना आजी बाळाशी तासभर बोलत असते, टाळू भरताना गाणं म्हणते, बाळ तिच्या तोंडाकडे बघतं, हसतं. ह्याला आता कोर्स करून आलेली बाई लागणार? सगळ्याच गोष्टी सरकारने घरात येऊन शिकवायच्या तर घरातली मोठी माणसं काय करणार? आणि परकी बाई आली की सुनेला वाटतं आपल्याला काही येत नाही, सासूला वाटतं आपली तक्रार लिहायला आली. घरात जे ठीक चाललंय ते पण बिघडायचं.

मोगरा_नाशिक
काकू, तुम्ही जे सांगितलं ना, पायावरची आंघोळ आणि गाणं, नेमकं तेच मला हवंय. ज्या घरात ती आजी आहे तिथे कुणी जायचीच गरज नाही. पण आमच्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये बघा, परभणीहून, बिहारहून आलेली जोडपी, नवरा बारा तास कंपनीत, ही दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत बाळासोबत एकटी. माहेरी जायचं तर तिकडे दुसऱ्या बहिणीचं बाळंतपण चालू. आणि मोठी माणसं असूनही कधी कधी तीच त्रासाचं कारण असतात, दुसरी मुलगी झाली म्हणून बारा दिवस सुनेशी न बोललेली घरं पाहिलीत मी.

यवतमाळची_आशा
मी आशा आहे म्हणून लिहिते. तुमची पोस्ट वाचून आधी राग आला, खरं सांगते.

हजार लोकसंख्येमागे एक आशा. गरोदर नोंदणी, लसीकरणाचं सत्र, टीबी, कुष्ठरोगाचा सर्व्हे, बीपी-शुगरचे फॉर्म, आभा कार्ड, आता मोबाईलवर एंट्री, सगळं आमच्यावरच येऊन राहिलं. नवजात बाळाच्या त्या ४२ दिवसांच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. पुढच्या पाच भेटींचे ५० रुपये एकीचे. आणि आम्ही कामगार नाही, स्वयंसेविका. २०२३ मध्ये संप केला, २०२४ मध्ये परत आझाद मैदानावर बसलो, तेव्हा कुठं मोबदला वाढला. आता तुम्ही म्हणता आईच्या मनाचं पण बघा. कोण बघणार? आशा. शहरातल्या प्रत्येक चांगल्या कल्पनेचा शेवट आशाच्या रजिस्टरमध्ये एका नव्या रकान्यात होतो.

आणि फॉर्मात नाही म्हणून आम्हाला दिसत नाही असं समजू नका. बाई रडते तर आम्ही बसतो तिच्याजवळ. त्याचे पैसे नाहीत, वेळेचा हिशोब नाही, पण बसतो. अडचण त्याच्या पुढे आहे. तिने सांगितलं की नवरा मारतो, जीव नकोसा झालाय, मग मी काय करू? पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टर म्हणते डॉक्टरला विचारा, डॉक्टर म्हणतो जिल्ह्याला पाठवा, जिल्ह्याला जायला बाळ घेऊन अख्खा दिवस जातो, सासू सोडत नाही. विचारायला शिकवाल, पण विचारल्यावर द्यायला काही नसेल तर त्या बाईला अजून एकदा फसवल्यासारखं होते.

मोगरा_नाशिक
ताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, हे काम सध्याच्या आशांवर फुकट टाकायचं नाही. वेगळी नेमणूक, वेगळा पगार, आठवड्याला मोजकी घरं. पण "विचारून उपयोग काय" ह्यावर थोडं अडते. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत हेच केलं, २००८ मध्ये छापून आलं. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर म्हणजे जवळजवळ आपल्या आशाच, मानसशास्त्राची डिग्री वगैरे काही नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत १६ भेटी, बाईशी ठरवून बोलायचं, तिच्या मनातले विचार, तिचं बाळाशी नातं, तिला मदत करणारी माणसं कोण. सहा महिन्यांनी बघितलं तर भेटी मिळालेल्यांत २३ टक्के अजून नैराश्यात, न मिळालेल्यांत ५३ टक्के. डॉक्टर नव्हता, गोळी नव्हती. ते बोलणं हाच उपचार होता. मारहाणीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तिथे तुमचं बरोबर आहे.

आकडे_बघा
उलट बाजूचे आकडे पण ठेवतो, कारण अशा धाग्यात नेहमी चांगलेच येतात.

अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात हे सुरू केलं, गरीब, कमी वयाच्या, पहिलटकरीण बायकांकडे प्रशिक्षित नर्स जायची, बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. पंधरा वर्षांनी मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी कमी निघाल्या. मोठं यश. पण त्याच अभ्यासात पुढे दिसलं की ज्या घरात मारहाण फार होती तिथे हा फायदा उरलाच नाही. म्हणजे यवतमाळच्या ताई म्हणतात तेच, फक्त आकड्यांत. मग इंग्लंडने तोच कार्यक्रम किशोरवयीन आयांसाठी नेला, सोळाशेच्या वर मुलींवर चाचणी केली, २०१६ मध्ये निकाल आला. सिगारेट, जन्मवजन, लगेच दुसरं गरोदरपण, बाळाला इमर्जन्सीत न्यावं लागणं, ह्या चारही मुख्य गोष्टींत काही फरक नाही. आणि कार्यक्रम महागडा.

गोव्यातच पाकिस्तानची पद्धत शेजारपाजारच्या बायकांकडून करून बघितली, २०१९ चा अभ्यास, फायदा झाला पण माफक. मी विरोधात नाही, पण "घरी गेलं की नातं जुळतं" इतकं सरळ नाहीये हे.

रेडिंगची_मराठी_मुलगी
इंग्लंडच्या त्या निकालाबद्दल एक सांगू का, मी इथेच राहते. इथे प्रत्येक, अगदी प्रत्येक बाळाच्या घरी हेल्थ व्हिजिटर येते. डॉक्टरचं बाळ असो नाहीतर बेकार माणसाचं. बाळंतपणाआधी एकदा, मग १० ते १४ दिवसांनी, सहा-आठ आठवड्यांनी, वर्षाच्या आसपास, अडीच वर्षांपर्यंत. म्हणजे त्या चाचणीत ज्यांना खास नर्स मिळाली नाही त्यांच्याकडेही कुणी ना कुणी जातच होतं, त्यामुळे फरक कमी दिसणारच ना. आपल्याकडे "काहीच नाही" विरुद्ध "काहीतरी" अशी तुलना असेल.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. मला मुलगा झाला तेव्हा मी दिवसभर रडायचे, आई भारतात, व्हिसा अडकलेला. ती बाई आली, दहा प्रश्नांचा कागद दिला, एडिनबरा स्केल म्हणतात त्याला, आणि मी खोटं भरलं. कारण २०११ चं नॉर्वेचं प्रकरण डोक्यात होतं, भारतीय जोडप्याची दोन्ही मुलं तिथल्या सरकारने काढून घेतली होती, हाताने भरवतात वगैरे कारणं आपल्या सगळ्या घरांत चर्चेला होती. मला वाटलं खरं सांगितलं तर माझं बाळ नेतील. पुढच्या वेळी तिने कागद काढलाच नाही, चहा घेतला, बाळाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली बघ तो तुझ्याच आवाजाकडे वळतो. तेव्हा बोलले मी.

म्हणून माझं मत, फक्त "धोक्यातल्या" घरी जाऊ नका. सगळ्यांच्या घरी जा, आणि जिथे गरज दिसेल तिथे जास्त वेळा. नाहीतर त्या बाईची स्कूटी दारात उभी राहिली की गल्लीत शिक्का बसणार, ह्यांच्याकडे काहीतरी गडबड आहे.

सातारची_काकू
हे पटलं. सगळ्यांकडे येत असेल तर आमच्या सुनेकडे पण येऊ दे, कुणाला बोल नाही. पण आजीला बाहेर बसवून सुनेशी एकटीशी कुजबुज करायची नाही, आजीला सोबत घ्या.

यवतमाळची_आशा
काकू, कधी कधी एकटीशीच बोलावं लागते. आजी समोर असली तर सून "सगळं बरं आहे" एवढंच म्हणते. मी पाणी मागते, आजी आत जाते, तेवढ्या वेळात दोन वाक्यं होतात.

गेवराईकर
तुम्ही सगळे घरभेट घरभेट करताय, घर कुठंय ते कुणी विचारलं नाही. आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर जोडपी उसाला जातात, उचल घेतलेली असते मुकादमाची, जायलाच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई चार महिन्यांचं लेकरू घेऊन जाते, कोपीत (झोपडीत) किंवा उसाच्या फडाच्या कडंला झोळीत टांगते, पहाटे तीनला उठून तोडायला लागते, मोळी डोक्यावर, दुपारपर्यंत लेकराकडं बघायला फुरसत नाही. बाईचं नातं जुळंना झालं म्हणता, जुळायला तिला वेळ कुणी दिलाय? २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे २०१७ पासून, ती नोकरीवाल्या बाईला. हिला एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. ह्या बाईला येऊन कुणी बाळाशी बोल म्हणून सांगितलं तर ती काय म्हणंल? आधी तिला सहा महिने बसून खायला द्या. तिला शिकवायची गरज न्हाई, सवड पाहिजे.

मोगरा_नाशिक
दादा, सवड आधी, हे शंभर टक्के. पण सवडीसाठी भांडणं आणि भेटी, दोन्ही का नको? जमैकात १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर काम झालं. ज्यांच्याकडे भेटी होत्या तिथे आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला एक तास जायची, प्लास्टिकच्या बाटलीचा खुळखुळा, पुठ्ठ्याचं पुस्तक, एवढंच सामान, आणि आईला बाळासोबत खेळायला लावायचं. वीस वर्षांनी ती मुलं साधारण २५ टक्के जास्त कमावत होती. त्या घरांची गरिबी काही मिटलेली नव्हती. कोपीवरची आईसुद्धा रात्री लेकराला जवळ घेतेच ना, तेव्हाची दहा मिनिटं सुद्धा वाया जात नाहीत, आणि हे तिला कुणीतरी सांगितलेलं तिला हवं असतं. "तुझं लेकरू तुला ओळखतं" हे ऐकून रडलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या काही सवड असलेल्या नव्हत्या.

आकडे_बघा
मग एका तालुक्यात करा. वेगळ्या पगारी बायका नेमा, आशांवर टाकू नका, सगळ्या बाळांकडे जा, शेजारचा तालुका तसाच ठेवा आणि दोन वर्षांनी आई आणि बाळ दोघांचं मोजा. मारहाणीची घरं वेगळी काढून बघा. आकडे चांगले आले तर मीच राज्यभर करा म्हणेन.

यवतमाळची_आशा
आणि तालुक्याला एक समुपदेशक बसवा, आठवड्यातून एक दिवस पीएचसीत, नावानिशी. मी बाईला सोबत घेऊन येईन, तिची सासू समजवायचं काम माझं. तेवढं नसेल तर माझ्या गावात सुरू करू नका.

गेवराईकर
तालुका आमचाच घ्या, पण मोजणी उन्हाळ्यात करू नका. ऑक्टोबर ते मार्च करा आणि कारखान्यावर येऊन करा. नाहीतर जी लेकरं गावात राहिली तेवढीच तुमच्या आकड्यात येतील.