सशाला अँटिबायोटिक चालूय, लेंड्या बारीक व्हायला लागल्यात, काय करू?

पेढ्याचीआई
नमस्कार मंडळी, इथे ससे पाळणारे किती जण आहेत माहीत नाही पण मांजरांच्या धाग्यावर दोघा-तिघांनी सशाचा उल्लेख केलेला वाचला होता म्हणून वेगळा धागा काढतेय. आम्ही सांगलीजवळ राहतो, आमच्याकडे पेढा नावाचा ससा आहे, तीन वर्षांचा, वजन 1 किलो 900 ग्रॅम (स्वयंपाकघरातल्या काट्यावर). पंधरा दिवसांपूर्वी शिंका चालू झाल्या, मग नाकातून पांढरं घट्ट यायला लागलं आणि पुढच्या दोन्ही पायांचे केस आतल्या बाजूने चिकटून त्यांच्या वाती झाल्या, लेकीला वाटलं केळं लागलंय, पण तो पायाने सारखं नाक पुसत होता ते आम्हाला नंतर कळलं.

डॉक्टरांकडे नेलं. ते मुख्य करून गाई-म्हशींचे, पण त्यांनी सरळ सांगितलं की ससा माझ्याकडे वर्षातून एखादा येतो, आणि समोर पुस्तक उघडून बघून मग लिहून दिलं, मला उलट तेच आवडलं. एन्रोफ्लॉक्सासिन दिलंय, दिवसातून दोनदा, 14 दिवस, गोळी कुटून पाण्यात कालवून. आज चौथा दिवस.

आता अडचण अशी की औषध प्रचंड कडू आहे (मी जिभेला लावून बघितलं, अर्धा तास चहाची चव कळेना), तो निम्मं थुंकतो आणि मग रुसून कोपऱ्यात तोंड करून बसतो. कालपासून पेलेट्सना (सशांचं तयार दाणेदार खाद्य) तोंड लावलेलं नाही, कोथिंबीर दिली की चार पानं खातो. लेंड्या एरवी हरभऱ्याएवढ्या असतात त्या आज मिरीएवढ्या आणि काळ्याकुट्ट, सकाळपासून मोजून 20-25 असतील. शिंका मात्र खरंच कमी झाल्यात. डॉक्टर लसीकरणाच्या कॅम्पला गेलेत, फोन लागत नाहीये, उद्या संध्याकाळी येतील.

शेजारच्या काकांचं मेडिकल आहे, ते म्हणाले हे बंद करा, लहान मुलांचं अमॉक्सिसिलीनचं गोड सिरप येतं ते द्या, गपकन पिईल. आणि सासूबाई म्हणतायत ओव्याची धुरी द्या. मला लै टेन्शन आलंय, औषध बंद करू का? सिरप देऊ का? कुणीतरी पटकन सांगा.

बंड्या_कोल्हापूर
अहो ताई एवढं टेन्शन कशाला घेता, आमच्या लॅब्रॅडॉरला डॉक्टरांनी अमॉक्सिसिलीनच दिलेलं, ठणठणीत झाला आठवड्यात. गोळीने पोट बिघडलंय फक्त, दहीभात चालू करा, माणसाला चालतं ते जनावराला चालतंच.

निवांतपणा
थांबा थांबा थांबा. पेढ्याचीआई, ते सिरप देऊ नका, आणि हे वाचेपर्यंत दिलं असेल तर आत्ताच्या आत्ता दुसरा कुठलाही पशुवैद्य गाठा. बंड्या, राग मानू नका, पण कुत्रा आणि ससा यांची पोटं म्हणजे दोन वेगळी गावं आहेत.

मी पुण्यात गेली दहा वर्षं ससे पाळतेय. पहिला ससा याच सिरपने गेला. त्याच्या हनुवटीखाली गळू आलं होतं, रविवार होता, सशाला बघणारं कुणी मिळेना, मी शहाणपणा करून मेडिकलमधून लहान मुलांचं अमॉक्सिसिलीन आणलं, त्यानेही चिठ्ठी मागितली नाही आणि मीही काही बोलले नाही. त्याला चव इतकी आवडली की सिरिंज चाटत होता, मी आणि नवरा हसत होतो. तिसऱ्या दिवशी खाणं बंद, चौथ्या दिवशी पहाटे पातळ पाण्यासारखं जुलाब, कान हाताला गार लागत होते, रिक्षात माझ्या ओढणीत गेला. त्यामुळे "गपकन पिईल" हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

आता तुमच्या पेढ्याबद्दल. तुम्हाला दिलेलं एन्रोफ्लॉक्सासिन सशांना चालतं, वर्षानुवर्षं वापरात आहे, डॉक्टरांनी बरोबर पुस्तक बघितलं. औषध तुमच्या मनाने बंद करू नका, शिंका कमी झाल्या म्हणजे आतला आजार संपला असं नाही, हा नाकाचा आजार महा चिवट असतो आणि अर्धवट सोडला की परत येतो. पण तुमच्याकडे आत्ता शिंकांपेक्षा मोठं संकट आहे ते म्हणजे पोट रिकामं राहणं. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं, वरून गवत जात राहिलं पाहिजे आणि खालून लेंड्या येत राहिल्या पाहिजेत. बारीक काळ्या लेंड्या म्हणजे गाडी स्लो झालीय, अजून थांबलेली नाही. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा एकही लेंडी आली नाही तर मात्र उद्या संध्याकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आज रात्री काय करा: पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून फुगू द्या, चमच्याने घोटून गाळा, पातळ खिरीसारखं झालं पाहिजे, आणि सुई काढलेल्या सिरिंजने थोडं थोडं भरवा, दर दोन-तीन तासांनी. फक्त आधी बघा की पोट फुगून ढोलासारखं टणक लागतंय का, तसं असेल तर बळंच भरवू नका, थेट डॉक्टर. क्रिटिकल केअर नावाची, आजारी सशाला भरवायची पावडर ऑनलाइन मिळते, महाग आहे पण ससा पाळणाऱ्याने एक पाकीट घरात ठेवावंच, आज मात्र ती येईपर्यंत थांबता येणार नाही. आणि आधी गवत समोर ठेवा, गवत गवत गवत. (टिमोथी हे, म्हणजे सशांचं वाळलेलं गवत, मागवा असं मी एकदा सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले हे म्हणजे काय हे? तेव्हापासून आमच्याकडे त्याला "हे-गवत" म्हणतात.)

गोठ्यातला_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, सशांचा स्पेशालिस्ट नाही, त्यामुळे डोस वगैरे इथे सांगणार नाही आणि कुणी सांगितला तरी घेऊ नका, वजन आणि तपासणीशिवाय डोस ठरत नाही. पण वरती निवांतपणा यांनी लिहिलंय त्याचं कारण सांगतो कारण "चालत नाही" एवढ्यावर मेडिकलवाले काका ऐकणार नाहीत.

सशाच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, तिला सीकम म्हणतात, तिथे जिवाणू गवत आंबवतात. थोडक्यात गाईचं पोट पुढे असतं तसं सशाचं मागे. त्या आंबवणात बॅक्टेरॉइडिस गटातले जिवाणू जास्त असतात. तोंडावाटे अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, सेफालेक्सिन असं काही गेलं की तिथला समतोल मोडतो, क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मी नावाचा जिवाणू माजतो, त्याचं विष रक्तात जातं आणि जुलाब होऊन जनावर दगावतं. नुसतं अमॉक्सिसिलीन असो की क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडसोबतचं असो, सशाला तोंडावाटे नाहीच. गंमत म्हणजे अमॉक्सिसिलीनच्याच कुळातलं पेनिसिलीन इंजेक्शनने कातडीखाली आम्ही काही सशांना देतो, कारण त्या वाटेने आतड्यापर्यंत फार कमी पोचतं. म्हणजे औषधाइतकीच ते कुठल्या वाटेने जातंय यालाही किंमत आहे.

दह्याबद्दल: सशाचं पोट दुधाच्या पदार्थांसाठी बनलेलंच नाही, आणि दह्यातले जिवाणू त्याच्या सीकममधले नव्हेत. शिवाय एन्रोफ्लॉक्सासिन कॅल्शियमला चिकटतं आणि मग नीट शोषलं जात नाही, म्हणून ते दूध-दह्यातून कधीच देऊ नये. सांगलीकडे दुभत्यासाठी लसूणघास घरोघरी असतो, त्यातही कॅल्शियम भरपूर, तेव्हा औषधाच्या वेळेला घास समोर टाकू नका, आणि मोठ्या सशाला एरवीही घास म्हणजे तोंडी लावण्यापुरता.

धुरी अजिबात नको. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घ्यायला लागला की समजायचं प्रकरण हाताबाहेर चाललंय. आधीच नाक चोंदलेलं, त्यात धूर म्हणजे कल्याणच. अगरबत्ती, कापूर, विक्स हेही त्या खोलीत नको. कोमट पाण्यात कापूस बुडवून नाक पुसा, तेवढं पुरे. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा असेल तर काढून वर्तमानपत्र घाला, रोज बदला.

उद्या डॉक्टर भेटले की दोन गोष्टी विचारा: वेदनाशामक द्यायचं का, आणि 14 दिवसांनी नाक पूर्ण कोरडं नसेल तर स्वॅब घेऊन (नाकातला नमुना) कल्चर (त्यात कुठला जिवाणू वाढतो ती तपासणी) करता येईल का. हा आजार बरेचदा पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे होतो, पण दरवेळी तोच असतो असं नाही. डॉक्टर नाहीच भेटले तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून निघा.

बंड्या_कोल्हापूर
माघार घेतो ताई. माहीत नसताना बोललो. दहीभात मीच खातो.

आगरातला
उशिरा वाचलं. सगळं महत्त्वाचं वर आलंय, मी फक्त भरवायचं कसं ते सांगतो कारण थुंकतो म्हणजे पद्धत चुकतेय.

तुम्ही समोरून तोंडात घालत असणार. समोर दात आहेत, तो दातावर दात धरून बसणार. पुढच्या दातांच्या मागे बाजूला एक मोकळी फट असते, तिथे दातच नसतात, ओठाच्या कडेने सिरिंजचं टोक तिथून आडवं सरकवायचं. जुना टॉवेल जमिनीवर पसरा, ससा मध्ये, दोन्ही बाजू घट्ट गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर, मोदकाला पारी बंद करतो तसं. तो तुमच्या मांडीत चारी पायांवरच पाहिजे, उताणा करायचा नाही, उताणा ससा गप्प पडतो म्हणजे त्याला बरं वाटतं असं नाही, घाबरून थिजलेला असतो आणि औषध श्वासनलिकेत जायचा धोका. एका वेळी अर्धा मिली, मग थांबायचं, जबडा हलला, गिळलं, मग पुढचा अर्धा. घाई केलीत की फेस करून बाहेर.

कडू औषधाला माझा उपाय म्हणजे पूर्ण पिकलेल्या केळ्याचा नखाएवढा तुकडा, त्यात औषध कालवून. नखाएवढाच हां, अख्खं केळं नको. आणि औषध झाल्यावर लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी, नाहीतर तो तुमचा हात बघूनच पळणार.

गवताचं म्हणाल तर टिमोथी यायला चार दिवस लागतील, तोवर दूर्वा आणा. हसू नका. गणपतीला वाहतो त्याच, हरळी. फवारा मारलेलं रान नको, रस्त्याकडेची नको, स्वच्छ धुऊन, पाणी निथळून. आजारी सशाच्या तोंडाला पाणी सुटतं. दूर्वांसोबत मूठभर कोथिंबीर, शेपू, गाजराचा पाला, वासाने नाक चोंदलेला ससाही उठतो. कोबी-फ्लॉवर मात्र आत्ता नको, गॅस धरतो.

अवांतर: पहाटे त्याच्या बुडाशी द्राक्षाच्या घडासारख्या मऊ चकचकीत लेंड्या दिसल्या तर झाडून टाकू नका, त्या तो परत खातो, तोच त्याचा खरा दही-ताकाचा डोस. त्या खायच्या राहून पडून असतील तर डॉक्टरांना सांगा.

पेढ्याचीआई
सगळ्यांचे पाय धरायला पाहिजेत. सिरप दिलं नाही, काकांना गोठ्यातला_डॉक्टर यांचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला, ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले सशाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. रात्री मी आणि अहोंनी पाळी लावून दर अडीच तासाला भरवलं, टॉवेलचा मोदक पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा जमला. पोट मऊ होतं, आधी दाबून बघितलं. पावणेचारला त्याने आपणहून दूर्वेची एक काडी ओढली, अंधारात तो कुर्रकुर्र आवाज ऐकून आम्ही दोघं उठून बसलो.

सकाळी लेंड्या 60 च्या पुढे, अजून लहान आहेत पण रंग उजळलाय. वजन 1 किलो 840 भरलं, म्हणजे उतरलंय.

निवांतपणा
वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेंड्यांपेक्षा आधी वजन बोलतं. आणि दात कराकरा वाजवतोय का बघा, ते दुखण्याचं लक्षण. हलकेच चुळचुळ आवाज वेगळा, तो लाडात आल्यावर करतात.

पेढ्याचीआई
कराकरा नाही, कानामागे खाजवलं की चुळचुळ करतो. डॉक्टर काल संध्याकाळी भेटले, दुखण्यावरचं औषध चार दिवस दिलं आणि एन्रोफ्लॉक्सासिन तेच चालू ठेवायला सांगितलं. अमॉक्सिसिलीनचं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

पेढ्याचीआई
अपडेट द्यायचं राहून गेलं होतं. आज 15 वा दिवस. नाक जवळजवळ कोरडं, डावीकडून सकाळी थोडं पाणी येतं म्हणून डॉक्टरांनी अजून एक आठवडा वाढवलाय, त्यानंतरही राहिलं तर स्वॅब घेऊ म्हणाले. वजन 1 किलो 910. पायाच्या वाती लेकीने कोमट पाण्याने सोडवल्या. लेंड्या परत हरभरा, सोनेरी-तपकिरी, आत गवताचे धागे दिसतात (हो, मी फोडून बघते आता, जेवताना हा विषय काढला म्हणून घरात बोलणी खाल्लीत).

एकच झालंय, ज्या वाटीत गोळी कुटते त्या वाटीचा नुसता आवाज झाला की दिवाणाखाली. काल सासूबाई त्याच वाटीत वेलची कुटत होत्या तरी गेला.