ट्रायथलॉन भरवणाऱ्या सरांचं मानपत्र: काय लिहू?

धरणकाठ:
नमस्कार. आमच्या क्लबची धरणावरची ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं) गेली १२ वर्षं एकाच माणसाने भरवली. ते शाळेत पीटीचे शिक्षक होते, आम्ही अजूनही सरच म्हणतो. गुडघ्यांमुळे यंदा ते थांबतायत. शाल-श्रीफळ ठरलंय, मानपत्र माझ्याकडे आलंय आणि मी अडलेय. सरांनी स्वतः एकही ट्रायथलॉन केलेली नाही. मग लिहायचं कशावर?

मला ते आठवतात पहाटे पाचला, पाण्याच्या कडेला वही घेऊन बसलेले. किती उतरले, किती वर आले. आकडा जुळेपर्यंत ते सायकलींकडे बघतसुद्धा नाहीत. एका वर्षी एक जण कमी भरला. होड्या फिरल्या, सर कपड्यांनिशी छातीभर पाण्यात शिरले. मुलगा दम लागून पलीकडच्या काठाला लागला होता आणि कुणाला न सांगता तंबूत जाऊन झोपला होता! सर त्याच्यावर ओरडले नाहीत. शेजारी बसून त्याला चहा पाजला. पुढच्या वर्षीपासून नियम झाला: माघार घेतली तर बिब, म्हणजे अंगावरचा नंबराचा कागद, सरांच्या हातात आणून द्यायचा.

असलं काही मानपत्रात शोभतं का? या खेळात भरवण्यातच आयुष्य घातलेलं कुणी आहे का?

बर्फातला मराठी:
ताई, मी व्हँकूव्हरला राहतो, म्हणून लेस मॅकडॉनल्ड यांचं नाव आधी सांगतो. जन्म १९३३चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. पुढे इथे कॅनडात आले. गिर्यारोहण, स्कीइंग, मग ट्रायथलॉन. १९८९ साली फ्रान्समधल्या अविन्यों गावी आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली. अध्यक्षपदावर ते २००८पर्यंत राहिले, म्हणजे १९ वर्षं.

ऑलिंपिकमध्ये खेळ घुसवायचा तर देशोदेशी संघटना उभ्या करायच्या, समित्यांच्या दारात बसायचं. १९९४ साली पॅरिसमध्ये ऑलिंपिक समितीचा होकार मिळाला आणि २००० साली सिडनीत ऑपेरा हाउसच्या पायथ्याशी स्पर्धक पाण्यात उतरले. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. पहिली शर्यत बायकांची, १६ सप्टेंबरला. स्वित्झर्लंडच्या ब्रिगिट मॅकमॅहनने सुवर्ण नेलं. पुरुषांची दुसऱ्या दिवशी झाली.

मला स्वतःला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. बायकांना पुरुषांइतकंच बक्षीस, आणि तेही सुरुवातीपासून. माझी मुलगी इथे पोहते. तिला हे मुद्दाम सांगण्यासारखं काही वाटतच नाही, आणि मला त्याचाच आनंद होतो. २०१७ साली मॅकडॉनल्ड गेले.

सायकलवाली मावशी:
व्हॅलरी सिल्क यांचंही बघा. हवाईतल्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी ती शर्यत हाती घेतली. १९७८ साली पहिली झाली तेव्हा अवघे १५ जण उतरले होते, १२ पोचले. १९८१ साली सिल्कबाईंनी ती गजबजलेल्या ओआहू बेटावरून हवाईच्या मोठ्या बेटावरच्या कोनाला नेली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, हे सगळं आज कोनाच्या नावाने ओळखलं जातं ते त्या निर्णयामुळे.

तुमचा "शोभतं का" हा प्रश्न मात्र मला पटला नाही. मी २०१९ साली गोव्यात मिरामारला पहिल्या ७०.३ला (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनला) गेले होते. पाण्यात उतरताना मला धीर आला तो समोर होडीत बसलेल्या माणसांकडे बघून. वहीची गोष्ट अगदी वर घाला.

धरणकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. मॅकडॉनल्ड यांच्यावर दोन ओळी घेतेय, कारण आमच्याकडेही मुलींचं बक्षीस पहिल्या वर्षापासून सारखंच आहे आणि ते सरांनीच ठरवलं होतं. तुमचं वाचेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काल सरांच्या बायकोकडून गुपचूप १२ वह्या आणल्या आणि रात्री बेरीज केली. उतरले १,९०४. वर आले १,९०४. त्या मुलाच्या नंबरापुढे सरांनी बारीक अक्षरात "तंबूत" असं लिहून खूण केलीय. हे दोन आकडे मी पहिल्या ओळीत लिहितेय.