पद्मिनीची हँडलं ॲसिडात टाकू नका
पद्मिनी मोटारीच्या काच वरखाली करायच्या हँडलांवरचे फोड घालवायला ती बाथरूमच्या ॲसिडात बुडवून ठेवा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपा करून तसं करू नका. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, मग गोष्ट वेगळी. पण ही हँडलं, दाराच्या आतल्या कड्या वगैरे बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असतं, आणि ॲसिड जस्तच खातं. बुडबुडे आले की घाण निघतेय असं वाटतं. निघत असतो माल!

फोड क्रोमच्या, म्हणजे वरच्या चकचकीत मुलाम्याच्या, खालून येतात. बारीक छिद्रांतून ओल शिरते, जस्तावर पांढरी पूड धरते आणि ती वरचा थर उचलते. म्हणून नुसत्या पॉलिशनं ते जात नाहीत. प्लेटिंगवाल्याला (मुलामा चढवणाऱ्याला) "हे जस्त आहे" असं आवर्जून सांगा. जुना थर उतरवून, खड्डे साफ करून, आधी सायनाइडच्या टाकीत तांब्याचा पातळ थर चढवतात (हे घरी करायचं काम नव्हे), मग निकेल, मग क्रोम. तांबं चढवायच्या आम्लाच्या टाकीत थेट गेलं तर वस्तू गेलीच समजा. बफिंगही (फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणं) हलक्या हातानं करायला सांगा, कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

फोड नसून नुसता मळ असेल तर साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि मेटल पॉलिश, बास. आणि जुने स्क्रू फेकू नका, तेही सोबत क्रोमला द्या. चकचकीत हँडलाशेजारी पिवळट स्क्रू फार खुपतो.